केरो, फीनिक्स आणि आक्कांचा माळ

चिंचवड स्टेशनावर मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि शाळेच्या नेमणुकीचं पत्र एवढंच होतं. साल पंचावन्न असेल. फाटकाशी काळा कोट घातलेले एक गृहस्थ तिकिटं गोळा करत उभे होते. कोटाचं वरचं बटण गेलेलं होतं आणि त्याच्या जागी पार्सलं बांधायच्या सुतळीचा फास अडकवलेला होता. त्यांनी माझं तिकीट घेतलं, पण वाट काही सोडली नाही.

“कुणाकडे आलात?”

कुणाकडे नाही, शाळेत मास्तर म्हणून आलोय, असं मी सांगितलं. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. गावात माझं कुणी म्हणजे कुणीच नाही हे तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्यांनी मला बाकावर बसवलं, गाडी हलेपर्यंत थांबवून ठेवलं आणि मग माझी ट्रंक स्वतः उचलून मला आपल्या घरमालकिणीकडे, आक्कांकडे, जेवायला नेलं. त्या दिवशी पिठलं होतं. जेवून हात धुतो न धुतो तोच त्यांनी मला विचारलं, अमेरिकेतलं टल्सा नावाचं गाव ऐकून आहात का?

मी ऐकून नव्हतो. पुढची पाच वर्षं मी त्याच घरात त्यांच्या शेजारच्या खोलीत काढली आणि टल्साच काय, डलूथ, केरो, फीनिक्स ही गावं मला माझ्या मावश्यांच्या गावांपेक्षा जास्त पाठ झाली.

ते स्टेशनावर पार्सलबाबू होते. स्टेशन लहान, त्यामुळे तिकिटं घेणं, टोपल्या मोजणं, स्टेशनमास्तर जेवायला गेले की फोन उचलणं हे सगळं त्यांच्याच गळ्यात असे. गाव त्यांना अमेरिकाबाबू म्हणे. मूळचे राजापूरकडचे, लग्न न केलेले, वयाने पन्नाशीला टेकलेले. अमेरिका सोडा, त्यांनी साताराही पाहिलेला नव्हता. पण अमेरिकेतल्या लहान शहरांपैकी उद्या मोठं कोणतं होणार, या एका प्रश्नाने त्यांची झोप, जेवण आणि माझे रविवार व्यापून टाकले होते. न्यूयॉर्क, शिकागो यांचं नाव काढलं की ते हात झटकत. म्हणत, ती लग्नं होऊन गेली, आता त्यात बघायचं काय राहिलं?

हे वेड लढाईच्या काळातलं. तेव्हा ते देहूरोडला होते. कसल्याशा कामासाठी आलेले तीन अमेरिकन शिपाई एकदा गाडी चुकल्यामुळे चार तास त्यांच्या पार्सल खोलीत बसले. तिघे तीन गावचे. प्रत्येकाचं म्हणणं एकच, की आमचं गाव आज लहान आहे, पण बघत राहा, शिकागोच्या पुढे जाईल. तिघांत त्यावरून हमरीतुमरी झाली. जाताना एक जण रेल्वेचं जाडजूड वेळापत्रक आणि त्यातला घडीचा नकाशा विसरून गेला. बाबूंनी तो पार्सल खोलीच्या भिंतीवर लावला आणि त्या तिघांत खरं कोण बोलत होतं याचा शोध सुरू केला. बदली झाली तेव्हा नकाशाही त्यांच्याबरोबर चिंचवडला आला.

नकाशावर काळ्या टाचण्या पुष्कळ होत्या. लाल, म्हणजे हमखास वाढणाऱ्या गावाची, एकच, आणि ती केरोत. मिसिसिपीला दुसरी एक महानदी जिथे मिळते त्या टोकावर हे गाव. गावाला पाणी, नावा, रेल्वे, काय म्हणाल ते आहे, मग ते वाढेल नाही तर काय करेल, असा बाबूंचा सवाल असे. ते ‘आपलं केरो’ म्हणत. मिसिसिपीला पूर आल्याची दोन ओळींची बातमी एकदा पेपरात आली, तर संध्याकाळी ते जेवले नाहीत. आक्कांना वाटलं घरून तार आली.

गाव वाढणार की नाही हे ओळखायच्या त्यांच्या कसोट्या होत्या, आणि त्या दर हंगामाला बदलत. आधी पाणी होतं. मग रेल्वेचा फाटा आला. मग न्हावी. ज्या गावातले दोन न्हावी एकमेकांशी बोलत नाहीत ते अजून गावच; ज्या गावातल्या दोन न्हाव्यांना एकमेकांचं नावही ठाऊक नाही ते शहर. आता अमेरिकेतल्या न्हाव्यांची ही माहिती चिंचवडात बसून काढायची कशी? तर पत्रं लिहून. त्या त्या गावच्या स्टेशनमास्तरला. बाबूंचं इंग्रजी पावत्यांपुरतं असल्यामुळे ती पत्रं मी लिहीत असे. शाळेत व्याकरण शिकवणारा मी, रविवारी सकाळी अमेरिकेच्या न्हाव्यांची चौकशी करत बसे.

दहा पत्रांना एक उत्तर येई. तेही स्टेशनमास्तरचं नाही, तर गावातल्या व्यापाऱ्यांच्या मंडळाचं, रंगीत छापलेलं. प्रत्येक गाव लवकरच देशातलं थोर शहर होणार होतं. त्या पुस्तिकांतली चित्रं आक्का कापून घेत आणि देवघराच्या फळीखाली चिकटवत. आमचे गणपती त्या काळात फीनिक्सच्या संत्र्यांच्या बागेवर बसलेले असत.

एकदा मला वात्रटपणा सुचला. शाळेच्या टाइपरायटरवर मी केरोच्या स्टेशनमास्तरचं पत्र तयार केलं, जुन्या पाकिटावरचं तिकीट वाफेवर सोडवून नव्या पाकिटावर डकवलं आणि ते बाबूंच्या आलेल्या टपालात सरकवलं. पत्रात केरो जोमाने वाढत असल्याचं लिहून मी बाबूंच्या तब्येतीची विचारपूसही केली होती. त्यांनी ते शांतपणे वाचलं, घडी केली आणि मला परत दिलं.

“मास्तर, अमेरिकेतल्या माणसाला माझं नाव बिनचूक लिहिता येणार नाही. तुम्ही लिहिलंय.”

शिक्षा म्हणून मला त्या महिन्यात बारा पत्रं लिहावी लागली.

आक्का म्हणजे आमच्या घरमालकीण. चिंचवडच्या जुन्या घराण्यातल्या, नवरा लवकर गेलेला, एकुलती लेक पिंपळे गुरवला दिलेली. सकाळी मिश्री लावत ओट्यावर बसल्या की त्या बाबूंकडून अमेरिकेची हालहवाल घेत. त्यांचं लक्ष फीनिक्सवर. त्या त्याला फिनीस म्हणत. पाऊस नाही, बागा सोडल्या तर नुसता दगड आणि ऊन, असं मी पुस्तिकेतून वाचून दाखवल्यापासून त्यांना त्या गावाचा लळा लागला होता, कारण स्टेशनच्या पलीकडे रुळाला लागून त्यांचा सात एकर माळ होता आणि तोही तसाच होता. कुसळं सोडून त्यात काही येत नसे. बाबू फीनिक्सला हसत. पाण्यावाचून शहर म्हणजे चाकावाचून गाडी, असं ते म्हणत. आक्का म्हणत, मानसं असली की पानी बी येतं त्यांच्या मागनं.

त्यांची जुंपली की मी मध्ये पडत नसे. फीनिक्सची चित्रं चांगली असतात एवढंच म्हणून कडेला होई. माझं मत खरं तर बाबूंच्या बाजूने होतं, हे आज कबूल करून टाकतो.

मग शेवटची कसोटी आली. एका रविवारी बाबू आपल्या कोटाचं अस्तर शिवत बसले होते. मान वर न करता त्यांनी सांगितलं, की सतराव्या वर्षी ते बोटीने मुंबईला आले, धक्क्यावर उतरले आणि गाठोड्यावर बसून राहिले. ज्या दूरच्या काकांकडे जायचं होतं ते आधीच खोली सोडून गेले होते. तीन दिवस ते धक्क्यावर होते. हजारो माणसं बाजूने गेली, पण कुणाकडे आलास, असं एकानेही विचारलं नाही. आपल्याकडे पाहुणा गावात शिरला की पारावरचा पहिला माणूस हेच विचारतो. “तेव्हा मला कळलं, मोठं शहर म्हणजे काय,” ते म्हणाले आणि दाताने दोरा तोडला. मला त्यांची फार कणव आली. पण त्यांना कणव नको होती, त्यांना पत्र हवं होतं. नव्या माणसाला तुमच्या स्टेशनावर ‘कुणाकडे आलात’ असं कुणी विचारतं का? विचारत नसतील तर गाव मोठं होणार, विचारत असतील तर नाही. हा प्रश्न इंग्रजीत घालताना माझा घाम निघाला, कारण तिकडे तो कुणाला पडतच नसावा. पाऊण पान समजावून मी दहा गावांना तो विचारला. फीनिक्सलाही, आक्कांच्या आग्रहाखातर.

त्याच हिवाळ्यात पुण्याचे एक शेठ टांग्यातून आक्कांकडे आले. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहून दोन-तीन वर्षं झाली होती, इकडे रुळाच्या कडेनेही कुठेकुठे भिंती उठायला लागल्या होत्या, पण माळ तो माळच होता. शेठ पैसे देत नव्हते. ते म्हणत होते, सात एकर माळ मला द्या, त्या बदल्यात पिंपळे गुरवला पवनेच्या काठची दोन एकर बागायत घ्या. विहीर आहे, मोट आहे, लेकीचं दार हाकेवर आहे. पाडव्याला सांगा.

आक्कांची त्या दिवसापासून झोप उडाली. मला त्या माळावर घेऊन गेल्या. पायाखाली दगड वाजत होते. “मास्तर, ह्या मातीनं मला जल्मात एक हिरवं पान दावलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “हिरवं बघून मरावं वाटतं. पर हे गाव वाढलं तर लेकीच्या लेकरांचं म्या हातानं घालवलं म्हनायचं.” माळ राखला आणि गाव वाढलं नाही, तर त्या म्हातारपणी कुसळं राखत बसणार. बदलून घेतला आणि गाव वाढलं, तर जन्माचा पस्तावा. मधली वाट नव्हती. आणि चिंचवडात असं गाव वाढणार की नाही हे सांगणारा तज्ज्ञ माणूस एकच होता.

आक्कांनी रीतसर नारळ ठेवून बाबूंना विचारलं. बाबू अंतर्बाह्य बदलले. इतकी वर्षं त्यांच्या शब्दावर अमेरिकेतलं एक पानही हललं नव्हतं. आता सात एकर हलणार होते. त्यांनी कोटाला खरं बटण लावलं. पाडव्याला दीड महिना होता, तेवढ्यात त्यांनी चिंचवडची कसोटी घ्यायचं ठरवलं. ट्रंक घेऊन जो कुणी नवखा उतरेल त्याची वहीत रेघ, आणि ‘कुणाकडे आलात’ असं त्याला विचारलं गेलं असेल तर रेघेवर आडवी रेघ. मध्ये तीन दिवस ते तापाने पडले. तेवढे सोडून एकही गाडी त्यांनी चुकवली नाही.

पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर शेठ आले. स्टँपपेपर बरोबरच आणला होता. आक्कांनी सगळ्यांना चहा दिला आणि बाबूंना वही वाचायला सांगितली. बाबूंनी चष्मा लावला. गळा साफ केला. त्यांनी सांगितलं की वहीत एकही रेघ आडव्या रेघेवाचून नाही. उतरलेल्या प्रत्येक नवख्याला तो प्रश्न विचारला गेला आहे. सबब चिंचवड आज गाव आहे, उद्याही गावच राहील, आणि आक्कांनी नदीकाठची बागायत खुशाल घ्यावी. शेठ मान डोलावत होते. असा साक्षीदार त्यांना शोधूनही मिळाला नसता.

आक्कांनी पदर सारखा केला.

“बाबू, पर इच्यारनारं कोन?”

बाबूंना प्रश्न कळला नाही. त्यांनी वही चाळली. कोण विचारतं याचा रकाना त्यांनी पाडलेलाच नव्हता.

“तुमीच की,” आक्का म्हणाल्या. “फाटकात उभं ऱ्हाऊन समद्यास्नी तुमीच इच्यारता, अन् तुमीच रेघ वढता. तुमी तापात व्हता तवा तीन दिस म्या जाऊन बसले फाटकाशी, लिंबाखाली. ट्रंका घेऊन किती आले अन् गेले. एकालाबी कुनी इच्यारलं न्हाई. टांगेवाला निस्ता म्हनायचा, ‘कंपनी?’ अन् ते मान हालवून बसायचे.”

मला हसू आवरेना म्हणून मी बशीत तोंड घातलं. बाबूंकडे पाहिलं आणि हसू आपोआप गेलं. त्यांनी वही मिटली होती आणि ती दोन्ही हातांनी धरून ते बसले होते. आक्का शेठजींना म्हणाल्या, माळ द्यायचा न्हाई. हिरवं बघायला लेकीच्या दारी जाईन. शेठनी आणखी अर्धा एकर वाढवून पाहिला, मग वाकडं तोंड करून टांग्यात बसले. आत गेल्यावर आक्का मात्र रडल्या. दोन एकर बागायत काही लहान गोष्ट नव्हती, आणि आपण बरोबर आहोत याची त्यांच्याकडे फक्त तीन दिवसांची साक्ष होती.

दुसऱ्या दिवसापासून बाबूंनी विचारणं बंद केलं. शास्त्रासाठी, असं त्यांनी मला सांगितलं. पहिली मोजणी बिघडली, आता शुद्ध करायची. फाटकात ते ओठ मिटून उभे राहत. तिकीट घेत, वाट सोडत, रेघ ओढत. समोर एखादा ट्रंक घेऊन भांबावून उभा राहिला की त्यांचा हात ट्रंकेकडे जाऊन मागे येताना मी पाहिला आहे. आठ दिवस त्यांनी हे पथ्य पाळलं आणि आठ दिवसांत एकाही रेघेवर आडवी रेघ पडली नाही. म्हणजे चिंचवड वाढणार होतं. आक्कांचा माळ वाचला होता, कसोटी टिकली होती, आणि बाबूंचा चेहरा घरात कुणी गेल्यासारखा झाला होता. पानात वाढलेलं तसंच टाकून ते उठू लागले. आक्का मला म्हणाल्या, गाव वाढायचं ते वाढू द्या, ह्यास्नी आधी बोलतं करा.

नवव्या दिवशी पत्र आलं. फीनिक्सहून. बाबूंनी आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं, मग पाकिटावरचं आपलं नाव वाचलं. नावाचे तीन तुकडे केले होते आणि त्यातले दोन चुकवले होते. “खरं आहे,” ते म्हणाले आणि पत्र माझ्या हातात दिलं.

तिकडच्या स्टेशनावरच्या कुणा सामानवाल्या कारकुनाने ते हाताने लिहिलं होतं. मी पार्सल खोलीत उभ्या उभ्या त्याचा अर्थ सांगितला. तो लिहीत होता, की आमच्या इथे असं कुणीच कुणाला विचारत नाही. पण तुमचं पत्र आल्यापासून मी विचारायला लागलो आहे. पहिल्या दिवशी लोकांना मी चोर वाटलो. दुसऱ्या दिवशी एका म्हातारीने मला अर्धा तास सगळी हकिकत सांगितली आणि तिची पुढची गाडी चुकली. वरिष्ठांनी मला समज दिली आहे. तरी मला आता न विचारता राहवत नाही. यामुळे आमचं शहर वाढायचं थांबणार असेल तर कृपा करून कळवावं.

बाबू नकाशाकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते हे मी लिहिलेलं त्यांना आवडलं नसतं, पण भरले होते. तेवढ्यात गाडीची घंटा झाली. ते फाटकात गेले आणि मी त्यांच्या मागे.

त्या गाडीला एकच ट्रंक उतरली. मराठवाड्याकडचा एक तरुण, डोक्याला पटका, ट्रंकेला दोरी. बाबूंनी त्याचं तिकीट घेतलं. दुसऱ्या हातात वही होती. ती त्यांनी खिशात घातली.

“कुणाकडे आलात?”

“कुणाकडं नाही. कंपनीत लागलोय.”

“कंपनीचं झालं. आज जेवायला कुणाकडे?”

बाबूंनी त्याची ट्रंक उचलली.

त्या आठवड्यात आक्कांच्या पंक्तीला चार जण वाढले, पुढच्या आठवड्यात सात. पंधराव्या दिवशी पिठाचे हात तसेच घेऊन आक्का स्टेशनावर आल्या. बाबूंना वाटलं आता खरडपट्टी निघणार. ते पार्सलांच्या मागे सरकले. आक्का म्हणाल्या, “माळावर खोल्या घालते. तुमचे पाव्हणे तकडं ठिवा. अन् बाबू, इच्यारायचं सोडू नगा. न्हाईतर मला भाडेकरू कुठनं गावायचे?”

केरोचं पुढे काय झालं आणि फीनिक्सचं काय झालं हे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. केरो ओस पडलं आणि फीनिक्स नकाशात मावेनासं झालं. तेव्हा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी आक्का स्टेशनावरून परतल्यावर बाबू स्टुलावर चढले आणि त्यांनी केरोतली लाल टाचणी उपटली. मला वाटलं ती फीनिक्सला जाणार. त्यांनी ती फीनिक्सवर क्षणभर धरलीही. पण मग हात तसाच पुढे नेला आणि अमेरिकेच्या नकाशाची कड ओलांडून चुन्याच्या कोऱ्या भिंतीत, चिंचवड म्हणून, ती दाबली. चुना पडला, टाचणी सुटली. त्यांनी ती शेजारी पुन्हा खोचली आणि ती पक्की बसेपर्यंत अंगठा काढला नाही.